आमच्या धरणातला चकचकीत मासा

माह्या हातून आजवर लय गोष्टी बिघडल्या. दुकानात मोटरी जळल्या, एकदा सरपंचाच्या विहिरीवरचा पंप उलटा फिरला. पण अख्ख्या धरणाची अब्रू घालवणारा माणूस वाशिम जिल्ह्यात मी एकटाच. बसा, चहा येऊन राह्यला, तंवर सांगतो.

माह्यं मालेगावले मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरीत नवी तार भरायचं दुकान हाये, हे तुमाले माहीतच हाये. पोरगी पल्लवी, पुण्यात नोकरीले. दिली कुठं? थेट रत्नागिरीकडे, समुद्राच्या काठावर. तिचे सासरे, म्हणजे आमचे इवाई, जन्मभर होडीवर गेलेला माणूस. लग्नानंतर मे महिन्यात आमी दोघं नवराबायको तिकडे गेलो. त्यायनं दोन्ही टाईम मासे खाऊ घातले. माह्यं अर्धं जेवण काटे काढण्यातच जाये. शेवटी इवाईच काटे काढून माह्या ताटात वाढू लागले. आता सांगा, पोरीच्या बापाले हे सहन होईल?

मग मी सुरू झालो. म्हणलं, मासे आमच्याकडेही हायेत. आमच्या धरणात मे महिन्यात पोट्टे गळबिळ काही लावत नाईत, टॉवेलनं मासे काढतात. हे खोटं नोतं बरं का. फक्त मे महिन्यात धरणाचं डबकंच उरते, तेवढं सांगायचं राहून गेलं.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या संध्याकाळी पल्लवी, जावई, इवाई अन् इहीणबाई गाडीनं आले. आले ते सांगतच, परवा सकाळी निघायचं. इवायाले समुद्राशिवाय करमत नाई म्हणे. माह्या बायकोचा चेहरा उतरला. पोरगी पहिल्या दिवाळीले माहेरी आली अन् दीड दिवसात परत? तिनं मले स्वयंपाकघरात गाठलं.

"काही करा," म्हणे, "पण इवायाले रविवारपर्यंत अडकवा. ते थांबले तरच पोरगी थांबते."

तेवढ्यात बाहेरून इवाईच म्हणाले, "व्याही, उद्या दुपारी ते टॉवेलवालं धरण दाखवा. एक मासा लागला, तर रविवारपर्यंत हलत नाही."

झालं. पोरीचं माहेरपण एका माशावर येऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच, सारे झोपलेले असताना, मी एकटा रंगीत तालीम करायले धरणावर गेलो. त्या वर्षी पाऊस झकास झालेला, धरण काठोकाठ. एरवी आपण पाणी पाहून खूश होतो, त्या दिवशी मले रडू आलं. उन्हाळ्यात डबक्यात दाटीवाटीनं राहणारे मासे, आता त्यायले एवढं मोठं आवार मोकळं सापडलेलं. वरून दिवाळीची थंडी, म्हणजे सारे खाली तळाशी जाऊन बसलेले. ते कायले माह्या कणकेच्या गोळीपाशी येतील? दोन तास बसलो. कणीक संपली, बायकोनं फराळाले दिलेली शंकरपाळीही गळाले लावून पाह्यली. एक खेकडा आला, तोही दोर कापून गेला.

मग मी गजाले फोन लावला. गजा म्हणजे माह्या मोटरीची तार पुरवणारा दोस्त, शेलूबाजारले राहते. मालेगावच्या बाजारात मी मासा घेतला असता, तर मासा घरी पोचायच्या आधी बातमी पोचली असती. गजाले म्हणलं, आज तुह्या गावच्या बाजारातून एक ताजा मासा घेऊन सरळ धरणावर ये. तो आधी नाईच म्हणला. कसा हो म्हणेल? गजा माळकरी माणूस, कांदासुद्धा खात नाई. पण पोरीचं नाव काढलं तसा तयार झाला.

आला तो मोटरसायकलच्या हँडलपासून हातभर दूर पिशवी धरून. तीन पिशव्या, एकात एक. म्हणे, "भाऊ, तिथं काळे होते, मिशावाले होते. मले त्यायचं भेव वाटलं. हा बर्फात होता, चकचकीत होता, चेहऱ्यानं गरीब वाटला."

मी पाह्यलं. डोकं होतं, शेपटी होती. मासा म्हणून आणखी काय पाह्यजे? खरं सांगू, मी मासा ओळखतो तो फक्त रश्शात. काठावर ओल्या पोत्याखाली दडवला, वर दगड ठेवला अन् घरी आलो.

दुपारी सारे धरणावर. इवाई दोर टाकून एका जागी बसले. तासभर झाला, काहीच नाई. मी म्हणलं, इवाई, पल्लवीनं चहा आणला, झाडाखाली घेऊन या, तंवर मी दोर धरतो. त्यायची पाठ वळली अन् मी मासा काढला. घाईत माशाचं तोंड काही सापडेना, शेवटी शेपटीतच गळ खुपसला अन् दिला पाण्यात फेकून. मंग ओरडलो, "इवाई, या, लागला!"

इवाई धावत आले. दोर ओढला. मासा शेपटीकडून लटकत वर आला. त्यायनं तो हातावर घेतला, उलटापालटा केला, कल्ला उघडून पाह्यला. अन् माह्याकडे पाह्यलं. मले वाटलं, आता शाबासकी देतात.

"शेपटीनं गळ गिळला याने," ते म्हणाले.

मी म्हणलं, आमच्याकडची जात लाजाळू हाये, पाठमोरीच येते.

"नाव काय याचं?"

आता आली का पंचाईत? "याले आमी धरणी म्हणतो," मी ठोकून दिलं. "फक्त दिवाळीत लागते. गोड्या पाण्याची, म्हणून चवीले गोड."

पल्लवी तोंडाले ओढणी लावून झाडामागं गेली. मले वाटलं, बापाचं कौतुक पाहून डोळे भरले लेकीचे.

रात्री बायकोनं झणझणीत रस्सा केला. इवायानं डोकंसुद्धा सोडलं नाई. हात धुऊन म्हणाले, ठरल्याप्रमाणे रविवारपर्यंत राहतो, उद्या आणखी एक धरणी काढू. बायको खूश, मी गार. सकाळी पुन्हा गजा. या टायमाले आणलेला मासा भाकरीसारखा चपटा. मी विचारलं, हा असा काहून? तर म्हणे, कालचा बर्फावर होता, हा बर्फाखाली दबला असन. इवायाले मी छातीठोक सांगतलं, ही धरणीची मादी. त्यायनं मान डोलवली अन् मादीही खाल्ली.

रविवार आला, सारे गेले. पाच दिवस घर भरलेलं होतं. आमी दोघं सुखात होतो, अन् मी तर स्वतःवर लयच खूश होतो.

यंदाच्या मे महिन्यात पुन्हा कोकणात गेलो. इवाई मले सकाळी जेटीवर घेऊन गेले, बायकोही सोबत. टोपल्याच टोपल्या. एका टोपलीत पाहतो, तर माह्या धरण्या! ढीगभर. शेजारच्या टोपलीत त्यायच्या माद्या.

"हा बांगडा," इवाई हळूच म्हणाले. "आणि ती मादी म्हणजे पापलेट. दोन्ही खाऱ्या पाण्यातले. पाहताक्षणीच ओळखले होते. पण व्याही, लेक चार दिवस राहावी म्हणून माझ्या गळाला मासा टांगणारा बाप बघितला, मग मी उठून जाऊ कसा?"

माह्या डोळ्यात पाणी आलं. मी त्यायचा हात धरला. पण या माणसानं ते अर्धंच पोटात ठेवलं होतं, अर्धं साऱ्या जेटीले सांगून झालं होतं. टोपलीमागची बाई पदर सावरत, अगदी गंभीर तोंडानं म्हणाली, "दादा, तुमच्या धरणाला भरती कधी येते हो?"

सारी जेटी कान देऊन उभी. मी तोंड उघडलं, पण माह्या मागून बायकोच बोलली.

"गजाभाऊ शेलूबाजारच्या बाजारात गेले की येते."