मालतीकाकूंचे दात

झाशीत ओरछा गेटजवळ राहणाऱ्या मालतीकाकूंनी मला वाचवलं, हे आधी लिहून ठेवते. कारण त्यांच्याबद्दल मी मनात फार वाईट आणलं होतं, तेही लिहायचं आहे.

मी आटपाडीकडची. सहावीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं आणि नवऱ्याच्या सोनं गाळायच्या कामापायी इथं आले. घरी ब्लाउज शिवते. माहेरच्या बायकांसारखी मलाही मशेरीची सवय. भाजलेल्या तंबाखूची ती पूड दुखऱ्या वरच्या दाढेवर दाबली की ठणका मरतो, म्हणून वर्षभर दाबत राहिले. दात काळे पडले. इथल्या जुन्या मराठी घरांतल्या बायका चतुर्थीला गणपतीच्या देवळात जमतात, तिथं मी तोंडाला पदर लावून मागं उभी राहायची. मालतीकाकू सगळ्यांच्या पुढं. सत्तरीच्या, पण आरती म्हणताना दात कसे एका ओळीत, पांढरेशुभ्र! कुणी म्हणायचं, "काकू, हँसती हैं तो फोटो लगती हैं." माझा नुसता जळफळाट व्हायचा. एका चतुर्थीला मी हात जोडून म्हटलं, देवा, तुझाही एकच दात आहे, हिचा एक तरी पाड.

त्याच आठवड्यात माझाच गाल सुजला. तोंड पुरतं उघडेना, ताप चढला. मेडिकलमधल्या गोळ्या घेऊन झाल्या. नवरा दवाखान्यात चल म्हणायचा, पण वरची दाढ काढली की नजर जाते असं मी लहानपणापासून ऐकलेलं. नजर गेली तर शिवण गेलं. शेवटी मंगळवारी कशीबशी देवळात गेले आणि एवढंच म्हणाले, "मला काही सुचत नाही, आता तूच बघ."

"तोंडावरचा पदर काढ बघू," मागून आवाज आला. मालतीकाकू! गाल बघून त्या ओरडल्याच, "अगं, इतके दिवस काय झोपली होतीस? चल. ए भैया, ऑटो रोको!"

सरकारी दवाखान्यात पर्चा, म्हणजे केसपेपर, त्यांनीच काढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दीदी, सूजन आँख की तरफ़ चढ़ रही है. दाढ़ आज ही निकलेगी." आँख ऐकलं आणि मी उठून दाराकडं निघाले. "नको काकू, मी आंधळी होईन. तुमचे दात धड आहेत, तुम्हाला काय कळणार!"

बाकावर माणसं बसली होती, त्यात त्यांच्या गल्लीतल्या दोघी. काकूंनी एकदा सगळ्यांकडं पाहिलं, तोंडात अंगठा घातला आणि वरची अख्खी कवळी काढून तळहातावर ठेवली. गाल आत गेले, शब्द फुसफुसायला लागले. "बारा वर्षं झाली, वरचे सगळे काढलेत. सुईत दोरा अजून मीच ओवते. बैस आता गुपचूप."

मी बसले.

दाढ निघाली, सूज पुढं हळूहळू उतरली. त्या दिवशी बाहेर येऊन आधी भिंतीवरच्या पाट्या वाचून पाहिल्या. सगळं दिसत होतं. तेव्हा कुठं रडू आलं. ज्या देवापाशी मी त्यांचं वाईट मागितलं, त्यानंच माझ्यासाठी त्यांना धाडलं. माझ्या अकलेनं चालत राहिले असते तर दारातूनच परत गेले असते.

हेवा पुरता गेलेला नाही. भरल्या बाकासमोर असं तोंड उघडायची छाती आपल्याला का नाही, म्हणून अजून जळते. पण काकूंचे डोळे थकतील तेव्हा त्यांच्या सुईत दोरा मी ओवीन. तोवर माझी नजर शाबूत ठेव, एवढंच आता चतुर्थीला मागते.