उत्तरेचं दार

कोल्हापुरात भांडणाला भिणारी माणसं कमी, आणि शालूबाईला न भिणारी त्याहून कमी. दवाखान्यात आयाचं काम करता करता ती म्हातारी झाली. डॉक्टरसुद्धा तिच्या तोंडी लागत नसत. पण देवळात, म्हणजे त्यांच्या ख्रिस्ती देवळात, ती एकाच गोष्टीवरून भांडायची. उत्तरेचं दार कुणी उघडायचं नाही.

ते देऊळ बांधलं एका गोऱ्या साहेबानं. त्याला आपल्या गावची आठवण फार. तिकडच्या सहाशे वर्षांच्या जुन्या देवळाची हुबेहूब नक्कल त्यानं इथल्या काळ्या दगडात उठवली. चौकोनी बुरूज, त्यात घंटा. हातहातभर जाड भिंती, वर टोकदार होत गेलेल्या अरुंद खिडक्या. आत शिरलं की बाप्तिस्म्याचं आठकोनी दगडी कुंड, त्यावर लाकडी झाकण. वेदीपुढं नक्षीची लाकडी जाळी, आणि पंख पसरलेल्या पितळी गरुडाच्या पाठीवर बायबल. उत्तरेच्या भिंतीत एक बुटकं दार, वाकल्याशिवाय आत येता येऊ नये असं. तिकडं होतं म्हणून इथंही केलं. कशासाठी ते साहेबानं सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

इथल्या लोकांनी मात्र त्याचा उपयोग बरोबर शोधला. शहरातली मानाची घराणी मोठ्या दारानं यायची, सागवानी बाकांवर बसायची. उचगावाकडच्या वस्तीतल्यांनी बुटक्या दारानं यायचं आणि खांबामागं फरशीवर बसायचं. येशूनं जात पुसली म्हणे! पुसली असेल बाकांवरची धूळ पुसावी तशी. पुढच्या रविवारी पुन्हा आहे तिथंच. शालूबाईची आई जन्मभर त्या दारानं वाकून आली. ती गेली तेव्हा शवपेटीही तिथूनच आणा म्हणाले. तरण्या शालूबाईनं पेटी मोठ्या दारात टेकवली आणि असं तोंड सोडलं, की देवळाची पंच कमिटी बाजूला सरली! पेटी मधल्या वाटेनं थेट वेदीपुढं गेली. त्या दिवशी उत्तरेच्या दाराला शालूबाईनं स्वतः कडी घातली; तेव्हापासून सगळे मोठ्या दारानं. तिच्या आयुष्याची कमाई काय म्हणाल, तर ती कडी. पण लाजेपोटी लेकीला, क्रांतीला, यातलं तिनं काहीच कधी सांगितलं नाही.

आणि यंदा कमिटीचा अध्यक्ष अमरसिंह लेकाकडं इंग्लंडला जाऊन आला. आला तो शहाणा होऊन.

"मावशी, तिकडच्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं. पूर्वी बाप्तिस्म्याला उत्तरेचं दार उघडायचे. पोरातला सैतान त्यातनं बाहेर पडतो! आपण पण उघडू. रविवारी तुमच्या नातवाचा बाप्तिस्मा, त्यापासनंच सुरुवात."

"सैतान?" शालूबाई कडाडली. "माझी आई यायची त्यातनं!"

"जुनी मढी कशाला उकरताय? आता कोण मानतंय ते?"

"तुला कधी वाकावं लागलं न्हाय, म्हणून तुला काय वाटत न्हाय!"

देवळाचे नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, बाहेरगावचे. त्यांना प्रथा गोड वाटली, कमिटीनं ठराव केला. शालूबाई घरी येऊन धुमसत बसली, तर क्रांतीच उलटली. राजारामपुरीत क्लासमध्ये शिकवणारी, एरवी मवाळ बोलणारी पोरगी.

"आई, एक दार तर हाय की! माझ्या लेकराचा दिवस नासवू नकोस."

हे मात्र काळजाला लागलं. शालूबाईनं ताट सरकवलं.

रविवारी बिजागऱ्यांना तेल घालून दार सताड उघडलं होतं, वर झेंडूचं तोरण. बाकं गच्च भरली, मोबाइल वर झाले. कुंडापाशी क्रांती पोराला घेऊन उभी. पाळकांनी झाकण काढलं आणि विचारलं, "आजी कुठं आहेत?"

आजी बुटक्या दारातनं वाकून आत आली. अनवाणी. खांबामागं गेली आणि फरशीवर मांडी घालून बसली.

अमरसिंह लगबगीनं आला. "मावशी, उठा. पुढं बाकावर बसा."

"ह्या दारानं आलेल्यानं बाकाला शिवायचं न्हाय. तुझ्याच आजीनं माझ्या आईला सांगितलंतं. जन्मभर हितं बसली ती. आता सैतान म्हण तिला, माइकवरनं म्हण!"

बाकांवरची माणसं खाली बघायला लागली. क्रांती वळली. "माझी आजी इथं बसायची? मला कधी बोलली न्हाईस."

"काय बोलू? तुझ्या आजीला बाकावर बसायची लायकी नव्हती, असं सांगू तुला?"

क्रांतीचे डोळे भरले. पोराला छातीशी धरून ती चालत खांबामागं आली आणि नव्या रेशमी साडीसकट आईच्या शेजारी फरशीवर बसली.

"पाळकसाहेब, पाणी हिकडं आणा."

"असं चालत न्हाय! बाप्तिस्मा कुंडापाशीच होतो," अमरसिंह ओरडला.

"मग ऱ्हाऊ दे," क्रांती म्हणाली.

पाळक क्षणभर घुटमळले. मग वाटीत पाणी घेऊन आले. उभ्यानं हात पोचेना, म्हणून त्यांना फरशीवर गुडघे टेकावे लागले. पोर गार पाण्यानं किंचाळलं.

"आता लाव ते दार," शालूबाई अमरसिंहाला म्हणाली.

त्यानं बाकांकडं बघितलं. त्याच्या बाजूनं कुणी उठलं नाही. तो गेला आणि त्यानं स्वतःच्या हातानं कडी घातली.