आसराईचा लव्हाळा

ही हकीकत मी आजवर कोणाला सांगितली नाही, कारण तीत माझी शोभा नाही. कृपा झाली ती खरी, पण ती घेताना मान वर करता आली नाही.

दर्यापूरकडचे आमचे गाव खाऱ्या पाण्याचे. विहीर कितीही खोल खणा, पाणी तोंडात धरवत नाही. उन्हाळ्यात सारे गाव नाल्यातल्या एका झिऱ्यावर जगे. वाळूत केलेल्या खड्ड्यात गोडे पाणी पाझरे, ते करवंटीने भरायचे. काठावर दाट लव्हाळा होता. ती जागा साती आसरांची, म्हणजे पाण्यातल्या सात देवींची, तिथे विळा लावायचा नाही, असा रिवाज. आमच्या घराण्यात पहिला बी.ए. मी. कपाशीत राबून वडिलांनी मला अमरावतीच्या कॉलेजात ठेवले. निकाल लागला त्याच पावसाळ्यात ते गेले. मी तालुक्याच्या शाळेत मास्तर झालो. माघात घरी आलो तेव्हा गाव हिवतापाने कण्हत होते. लव्हाळ्यात डास पोसतात, तो उपटून टाका, असे मी पारावर सांगितले.

"बापू, आसराईच्या जाग्याले हात नोको लावू," माय म्हणाली. मी हसलो. लोकांनी मात्र ऐकले. "बापू बी.ए. हाये, तो काय खोटं सांगन?" म्हणत त्यांनी दोन दिवसांत सारा काठ मुळासकट साफ केला.

चैत्रात एकच अवकाळी सर आली. मोकळा झालेला काळ्या मातीचा काठ घसरला आणि झिरा गाळाने बुजला. दुसरीकडे खणले तर खारट. बाया डोक्यावर घागरी घेऊन दोन कोस चालू लागल्या. मला कोणी शब्दानेही बोलले नाही. शिव्या खाणे त्याहून सोपे गेले असते.

वैशाखात अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. पितरांच्या नावाने घागर भरायचा दिवस, आणि वडील गेल्यानंतरची ही पहिलीच. मायने नवी घागर रिकामीच माझ्यापुढे ठेवली. "तुह्या बापाले खारं पानी पाजू काय?" एवढेच ती म्हणाली.

कुदळ आणि ती घागर घेऊन मी नाल्यात उतरलो. दुपारपर्यंत चार जागी खणले, चारही ठिकाणी खारट. हाताला फोड आले. शेवटी मी वाळूवर डोके टेकवले. 'मला काही कळत नाही, तुम्हीच सांगा,' एवढीच प्रार्थना सुचली. मान उचलली तेव्हा खांद्यावर जाळे टाकलेली एक म्हातारी ढिवरीण समोर उभी होती.

"काय करून राहिला बाप्पा?" तिने विचारले. मग तिची नजर उघड्या काठाकडे गेली. "हे कोनं उपटलं? शिकेल असन कोनी. अडानी मानूस असं नाई करत."

मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची लाज मला अजून आहे.

ती वळणावरच्या करंजाखाली गेली. उपटलेल्या लव्हाळ्याचा ढीग आम्ही तिथेच फेकला होता. वरचा सारा वाळला होता, पण खाली वाळूत रुतलेल्या मुळांना बोटभर हिरवे कोंब फुटले होते. "इथं खंद," ती म्हणाली. कोपरभर खणले आणि पाणी आले. जिभेला लावले, गोडे. मी घागर बुडवणार तोच तिने हात धरला. "पयलं पानी आसराईचं."

पहिली ओंजळ वाहताना माझ्याने राहवेना. "मावशी, तो लव्हाळा मीच उपटायला लावला."

"मले ठाव हाये," ती हसली. "कुदय कशी धरली ते पाहूनच समजलं. पी आता, तहानला असशीन."

ती नाल्यानाल्याने निघून गेली. पुढे मी वरच्या गावांमधून चौकशी केली. तशी बाई कोणाला ठाऊक नव्हती. ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही. त्याच संध्याकाळी पारावर उभा राहून मी गावाची क्षमा मागितली आणि दुसऱ्या दिवसापासून काठावर पुन्हा लव्हाळा लावायला लागलो. आपल्याला कळते तेवढेच खरे, हा ताठा त्या वाळूत गळून पडला. वडिलांच्या नावाची घागर मायने देवापाशी ठेवली तेव्हा मला एवढेच उमगले, की मी जे उपटून फेकले होते, त्याच्याच मुळाशी माझ्या बापाचे पाणी कोणीतरी राखून ठेवले होते.