भवानीबाईंची सेके

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यातल्या घराच्या परसात भवानीबाई जुन्या धोतरावर तांदळाचे सांडगे घालत होत्या. चैत्राचं ऊन नुकतंच भिंतीवरून खाली उतरलं होतं. एक ओळ झाली की त्या मान वर करून उन्हाकडे बघत, दुसरी एखादी बाई शेजारणीच्या नव्या सुनेकडे बघेल तशी.

उन्हाची त्यांना भारी हौस. नवरा मानाजीराव महाराजांच्या घोडदळातला, जर्मनच्या लढाईत सुवेझला जाऊन आलेला. तिथं जीन इतकं तापायचं की ओलं पोतं टाकल्याशिवाय बसता यायचं नाही, हे त्यांनी एकदा सांगितलं आणि भवानीबाईंनी शंभरदा सांगायला लावलं. मद्रासचा भाऊ भुजंगराव आला की पाणी देण्याआधी त्याला प्रश्न, "तुमच्याकडं घाम कपाळाला आधी येतो का मानेला?" मंगळूरचा एक सुपारीवाला बोलून गेला की आमच्याकडं बरणीतल्या मिठालाही पाझर फुटतो. तेव्हापासून भवानीबाई रोज मिठाची बरणी उघडून बघत. मीठ आपलं कोरडंच.

स्वतः मात्र त्या बावन्न वर्षांत जवळच्याच नंजनगूडच्या पुढं गेलेल्या नव्हत्या. परगावचा एक उन्हाळा तरी आपल्या अंगावर घ्यावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. मानाजीराव म्हणत, "शहाणी माणसं उन्हाळ्यात उटीला जातात. हिला बेल्लारी पाहिजे."

तेवढ्यात दारावर थाप पडली.

पिठाच्या हातानं दार उघडलं, तर घोड्याच्या जटक्यातून उतरून विहीणबाई उभ्या. सून वनजाला सातवा लागला होता. तिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी न्यायला तिची आई गोदावरीबाई सोलापूरहून उद्या यायची होती, ती आजच आली होती. भवानीबाईंना पाय धुवायला पाणी द्यायचंही सुचेना. साक्षात सोलापूर दारात उभं होतं.

"वाटेत ऊन लागलं असेल, नै?" विहिणीला चटईवर बसवत त्यांनी विचारलं.

"कुठलं ऊन? हे असलं आमच्याकडं संक्रांतीला पडतं."

भवानीबाईंना राग आला, आणि आनंद तर त्याहून जास्त झाला. "मग चैत्रात कसं असतं?"

"चैत्रात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. घाम यायच्या आत वाळतो. रात्री गच्चीवर पाणी शिंपून अंथरूण घातलं तरी खालून पाठ भाजते."

"खालून पाठ भाजते," भवानीबाईंनी हळूच म्हणून बघितलं. पण म्हैसूरचीही काही अब्रू होती. "आमच्याकडं पण काही कमी नै हां, विहीणबाई. सकाळपासून मला नुसती सेके, सेके. पाठ बघा, कंबर बघा."

म्हैसूरच्या मराठी घरांत उकाड्याला उकाडा कुणी म्हणत नाही, कन्नडातली 'सेके' म्हणतात. गोदावरीबाईंनी ऐकलं 'शेक'.

"अहो, मग आधी बोलायचं नाही का? व्हा पालथ्या." प्रवासाची धूळही न झटकता त्यांनी चुलीतले निखारे शेगडीत ओढले, परसातल्या एरंडाची पानं तोडून आणली आणि गरम करायला घेतली.

हे काय, असं विचारायला भवानीबाईंनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सोलापूरला उकाड्यावर हेच करत असणार. इतक्या वर्षांत एवढ्या माणसांना खोदून विचारलं, पण ही रीत एकानं सांगितली नव्हती. त्या मुकाट्यानं चटईवर पालथ्या झाल्या.

"बसतोय का चटका?"

"बसतोय की." घाम कपाळाला, मानेला आणि कानांमागं एकदमच फुटला. आधी कुठं आला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "तुमच्याकडं रोज करतात हे?"

"दुखेल तेव्हा."

"दुखतंय कुणाला?"

वनजा न्हाणीघरातून आली. शेगडी बघितली, आई बघितली, पालथी सासू बघितली आणि पोट धरून खांबाला टेकून खालीच बसली. हसू आवरल्यावर म्हणाली, "आई, सेके म्हणजे उकाडा. नवी होते तेव्हा मी पण मामंजींना अशीच शेगडी नेऊन दिली होती."

"आणि मी शेकून घेतलं," मानाजीराव ओट्यावरून आत येत म्हणाले. "नव्या सुनेला नको कसं म्हणायचं?"

गोदावरीबाईंच्या हातात पान तसंच राहिलं. "उकडत होतं, तर पाठ कशाला दिलीत हो?"

"मला वाटलं, सोलापूरची पद्धत असेल."

मग मात्र दोघी विहिणी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून अशा हसल्या की परसातल्या सांडग्यांवर कावळा बसला तरी कुणी उठलं नाही.

"पण खरं सांगा," भवानीबाई धापा टाकत म्हणाल्या, "तुमचा उन्हाळा असाच असतो?"

"छे, हा तर आमचा फाल्गुन."

भवानीबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मानाजीरावांकडं त्यांनी मुद्दामच बघितलं नाही.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "वनजाला पोचवायला म्हणून मला पण न्या. आठच दिवस."