दोनच्या रेघेवर

पदनाम: सहायक (वैद्यकीय वायू), वर्ग चार. वय त्रेपन्न. उंची पाच फूट तीन इंच. ओळखीची खूण: डाव्या भुवईवर जुना व्रण. कर्तव्ये: सिलिंडर आणणे, जोडणे, रिकामे परत नेणे. औषधाची मात्रा बदलण्याचा अधिकार: नाही.

तातडीच्या विभागात या इसमाला सगळे मामा म्हणत. भुवईवरचा व्रण एका नातेवाइकानं फेकलेल्या स्टुलाचा. कार्यालयानं व्रण तत्परतेनं नोंदवून घेतला आणि स्टूल निर्लेखित करून भंगारात काढलं. मामांची बायको म्हणायची, तुमची नोकरी मार खायचीच आहे. सिलिंडर आपले तोंडी लावायला.

पण मामांना मारापेक्षा एका सुताराची आठवण जास्त लागायची. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सिगारेटी ओढून सुताराची फुप्फुसं गेली होती आणि डॉक्टरांनी कागदावर मिनिटाला दोन लिटर प्राणवायू लिहिला होता. मुलगी काकुळतीला येऊन म्हणाली, मामा, थोडा वाढवा ना. मामांना दया आली. त्यांनी नळ फिरवला. सुताराच्या गालांवर लाली आली, तडफड थांबली, गाढ झोप लागली. तो उठलाच नाही. जाताना मुलीनं मामांचे दोन्ही हात धरून आभार मानले. नंतर सिस्टरनं समजावलं, अशा फुप्फुसांना प्राणवायू जास्त झाला की आतली वापरलेली हवा साठत जाते, माणूस गुंगतो आणि शेवटी श्वासच थांबतो. "औषध आहे मामा हे. सरबत नव्हे, कितीही द्यायला."

त्या दिवसापासून मामा आभार मानून घेत नसत.

परवा दुपारी चार नंबरच्या खाटेवर तसलाच म्हातारा होता. कागदावर दोन लिटर. मामा भरलेला सिलिंडर ढकलत आले तर भिंतीवरच्या, प्राणवायूचे लिटर दाखवणाऱ्या काचेच्या नळीतली गोळी पंधराच्या रेघेवर, खालच्या बाटलीतलं पाणी खदखदतंय, आणि थोरला मुलगा समाधानानं घाम पुसतोय. बाबांना केव्हाची धाप होती, आता कुठे डोळा लागलाय, असं त्यानं सांगितलं. मामांनी म्हाताऱ्याचा खांदा हलवला, मग कानाशी हाक मारली. पापणीसुद्धा हलली नाही. गाल मात्र गुलाबी.

डॉक्टर पलीकडच्या खोलीत अपघाताच्या रुग्णात अडकले होते. सिस्टर त्यांना आणायला पळाली. मामांनी गोळी दोनवर आणली. थोरल्यानं ती परत पंधरावर नेली. मामांनी पुन्हा दोनवर आणली आणि नळावर मूठ आवळून उभे राहिले.

पहिली थोबाडीत बसली. मग कॉलर धरून त्यानं मामांचं कपाळ भिंतीवर आपटलं. एक दात फरशीवर पडला. त्याच्या धाकट्या भावानं मागून कंबर धरून ओढलं, त्यात सदरा फाटला, मूठ सुटली नाही. दारातून पहारेकऱ्यानं डोकावून पाहिलं आणि प्रकरण घरगुती असावं असं ठरवून तो गेला.

"बाप आहे माझा. हवेतसुद्धा काटकसर करता?"

"बाप आहे म्हणूनच दोन," मामा म्हणाले. तोंडात रक्त असल्यानं ते नीट ऐकू आलं नाही.

मग थोरल्यानं मामांच्याच कमरेचा सिलिंडरचा पाना उपसला आणि नळावरच्या मुठीवर घातला. दुसऱ्या घावाला हाड वाजलं. तिसऱ्याला मामांचे पाय गेले, ते त्या एका हातावर लोंबकळले. गोळी थरथरली आणि दोनवरच राहिली.

डॉक्टर आले ते श्वास देणारं यंत्र घेऊनच. त्यांनी आधी म्हाताऱ्याचे डोळे पाहिले, मग नळी, आणि घट्ट मुखवटा चढवला. अजून दहा मिनिटं पंधरावर असता तर मला बोलावूच नका म्हणालो असतो, असं ते कोणाकडेही न बघता म्हणाले.

पाऊण तासानं म्हाताऱ्यानं डोळे उघडले. शेजारच्या खाटेवर मामांच्या हाताला फळी बांधत होते, आणि थोरला अजून पाना धरून उभा होता. मुखवट्याआडून खरखरीत आवाज आला, "काय उद्योग करून ठेवलास, गाढवा?" थोरल्यानं पाना कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी मामांच्या पट्ट्यात परत अडकवला. तो आभार मानायला लागला तेव्हा मामांनी तोंड भिंतीकडे केलं.

चौकशी रीतसर झाली. अहवाल: एका कर्मचाऱ्यास किरकोळ दुखापत. मालमत्तेचे नुकसान निरंक. सदर कर्मचाऱ्याने अधिकार नसताना औषधाच्या मात्रेत हस्तक्षेप केल्याने त्यास लेखी समज देण्यात आली. ओळखीच्या खुणेत बदल: नाही.

उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत.