हिरव्या शाईतले शेरे

चुकांवर एवढा जीव लावणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. लोक कबुतरं पाळतात, फुलझाडं वाढवतात. मिरजगावच्या शाळेत आम्हाला गणित शिकवणारे सर पोरांच्या चुका जपायचे. कोण हातचा विसरतो, कोण कंस उघडतो पण बंद करत नाही, कोणाचा सात एकासारखा दिसतो, हे त्यांना प्रत्येकाचं तोंडपाठ होतं. एकदा चाचणीत चौघांनी पेपरावर नावच घातलं नव्हतं. सरांनी नुसत्या चुका बघून ते चारही पेपर ज्याच्या त्याच्या हातात नेऊन दिले. मार्कांत त्यांना फारसा रस नव्हता. ते कोपऱ्यात मोहरीएवढ्या अक्षरात असायचे. खरा मजकूर खाली, हिरव्या शाईत, कारण लाल शाईला पोरं बिचकतात असं त्यांचं मत होतं. पुष्कळदा आमच्या उत्तरापेक्षा त्यांचा शेरा लांब असे. माझ्या एका वहीत त्यांनी लिहिलं होतं, ‘चौथ्या ओळीपर्यंत तुझं डोकं थंड होतं. पाचवीत काय झालं? डबा आठवला का?’ आणि खरोखरच त्या तासाला मला डबा आठवला होता.

हे शेरे वहीत मावत नसत, म्हणून सर ते गावभर देत फिरायचे. एकदा न्हाव्याच्या दुकानात त्यांची अर्धी दाढी झाली होती. बाहेरून आमच्या वर्गातली एक मुलगी दळण घेऊन चालली होती. सर तसेच एका गालाला साबण घेऊन रस्त्यावर आले आणि त्रिकोणाच्या सिद्धतेत तिने दुसरी बाजू गृहीत कशी धरली, हे तिथे उभ्या टेम्पोच्या धुळीवर बोटाने काढून समजावू लागले. न्हावी वस्तरा धरून मागे उभा. आठवडे बाजारात माझ्या आईला त्यांनी कांद्याच्या ढिगापाशी गाठलं आणि ‘तुमची पोरगी वजा चिन्ह खाती’ असं सांगितलं. आईला वाटलं, मी खडू खाते. तिने घरी येऊन माझं तोंड उघडून पाहिलं. आणि एका जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नात नवरदेव पाया पडायला वाकला, तेव्हा सर त्याच्या कानाशी बराच वेळ काही पुटपुटले. नवरीने भक्तिभावाने हात जोडले. नवरदेवाने आम्हाला नंतर सांगितलं, दहावीच्या पेपरात त्याचं काय चुकलं होतं ते सरांच्या आदल्या दिवशी लक्षात आलं होतं.

आम्ही हसायचो. मी तर सगळ्यांत जास्त. पण नववीत पहिल्या चाचणीत मला पंचवीसपैकी सहा पडले आणि हसू आटलं. आमचे वडील, अप्पा, टेम्पो चालवायचे. ते रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, जमत नसेल तर दहावीच्या भानगडीत पडू नको, शिवणाचा क्लास लावून देतो. ते मायेनेच बोलत होते, म्हणून जास्त लागलं. पुढच्या चाचणीत मी शेजारच्या बाकावरच्या हुशार मुलीचा पेपर ओळ न् ओळ उतरवला. मला तेवीस पडले. पेपर हातात आला तेव्हा मी आधी खाली बघितलं. खाली काहीच नव्हतं. हिरव्या शाईचा एक ठिपकासुद्धा नाही.

दोन दिवस मी तो पेपर दप्तरात घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पायरीशी सरांना गाठलं आणि शेरा द्यायचा राहिला का, असं विचारलं. सर वर्गात पुस्तकी बोलायचे, पण वर्गाबाहेर आले की घरच्यासारखे बोलायचे. माझ्याकडे न बघता, चपलेचा अंगठा नीट करत ते म्हणाले,

“या पेपरात तू मला कुठं भेटलीच न्हाईस, पोरी. मग बोलू कुनाशी?”

मला रडू आलं. त्यांनी ते येऊ दिलं. ना कुणाला सांगितलं, ना मुख्याध्यापकांकडे नेलं. मी सगळं कबूल केल्यावर त्यांनी तोच पेपर पुन्हा सोडवायला सांगितला, तिथेच पायरीवर बसून. मला नऊ पडले आणि शेरा दीड पान आला.

त्यानंतर वर्षभर रोज शाळा सुटली की दहा मिनिटं, एक गणित. त्यांनी मला एकही गणित सोडवून दिलं नाही. नुसतं विचारायचे, इथे तुला काय वाटलं? मग इथे? मी सांगत जायचे आणि सांगता सांगता मलाच दिसायचं की मी ओळी गाळते. बाकीच्यांचं आधी होईल या धास्तीने माझं मन पेनाच्या पुढे पळायचं. दिवाळीच्या सुमारास एकदा सर म्हणाले, “तुला गनित येतंय. पन त्याच्यापेक्षा घाई जास्त येती.” आपल्याला गणित येतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी घरापर्यंत धावत गेले आणि अप्पांना फक्त पहिलं वाक्य सांगितलं.

दहावीला मला गणितात बहात्तर मिळाले. आज मी शहरात, सावेडीला, एका इंजिनिअरच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढते. माझी एक ओळ गळली तर कुणाच्या तरी जिन्याची एक पायरी कमी होईल.

गेल्या महिन्यात कळलं की सरांची नजर गेली. पोरीला घेऊन मी मिरजगावला गेले. मनात पुष्कळ काही जुळवून नेलं होतं. सर ओट्यावर बसले होते, बरेच बारीक झालेले. मी नाव सांगायच्या आत त्यांनी विचारलं, “बरोबर कोन हाय? कितवीला?” पुढचा पाऊण तास माझी पाचवीतली मुलगी त्यांना अपूर्णांकांची गणितं मोठ्याने वाचून सोडवून दाखवत होती आणि ते मान तिरकी करून ऐकत होते. एका जागी त्यांनी तिला थांबवलं आणि म्हणाले, बोटं मोजायला लाजू नको, मोकळी मोज. काकूंनी दोनदा चहा केला. मी बोलायला आले होते ते राहूनच गेलं. मधे पडायचं जिवावर आलं. निघताना पाया पडले, तेव्हा सरांनी माझा हात चाचपून जरा वेळ धरून ठेवला, एवढंच.

परतीच्या एसटीत मुलीने खिडकीची जागा पकडली. मग म्हणाली, “आई, मी बोटं ओढणीखाली मोजत होते. त्या आजोबांना तर दिसत नाही. मग त्यांना कसं कळलं?”

मी तिला जवळ घेतलं. बाहेर उसाच्या गाड्या एकामागून एक मागे पडत होत्या.