नव्या चेहऱ्याचे मामा

माझे वडील शिंपी होते आणि त्यांना महारोग झाला होता. हे वाक्य लिहायला मला चाळीस वर्षं लागली, म्हणून पहिल्याच ओळीत लिहून मोकळी होते. आता काय व्हायचं ते होऊ दे.

रविवार कारंजाजवळ त्यांचं एका मशिनचं दुकान होतं. एकदा मशिनची सुई त्यांच्या बोटातून आरपार गेली आणि त्यांना कळलंच नाही. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर रक्त दिसलं, तेव्हासुद्धा ते बोट सोडून सदराच धुवायला धावले. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. पुढे दोनेक वर्षांत त्यांच्या भुवया गळाल्या, कानाच्या पाळ्या जाड झाल्या, चेहरा सुजला. मोठ्या काकांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावानं, त्यांना दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात नेऊन सोडलं आणि आळीत सांगितलं, सुरतेला नोकरी लागली. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. आमच्याकडे वासे आधी फिरले.

रोग गोळ्यांनी बरा झाला. सात वर्षांनी बाबा परत आले ते डॉक्टरांचा कागद घेऊन, की यांच्यापासून आता कुणालाही धोका नाही. पण कागद काय कपाळाला चिकटवून हिंडायचं? सूज उतरली होती आणि रिकामी कातडी गालांवरून लोंबत होती. पंचेचाळिशीतला माणूस सत्तरीचा दिसायचा. भुवयांच्या जागी नुसती कातडी. नळावरच्या बाया त्यांना पाहिलं की पोरांना मागे ओढायच्या. मला एक स्थळ आलं, बाबांनी दार उघडलं, आणि ती माणसं पाणीही न पिता गेली. "दार उघडायला तुम्हीच कशाला गेलात?" असं आई त्यांना म्हणाली नाही. मी म्हणाले.

बाबांनी आठवड्याभरात पिशवी भरली आणि पुन्हा त्या दवाखान्यात जायला निघाले. तिथं मुंबईहून एक सर्जन येतात, पडलेला चेहरा वर ओढून देतात, असं त्यांना माहीत होतं. मी सोबत गेले. मनाला टोचत होतं म्हणून गेले, दुसरं काही नाही.

सर्जन सरळ माणूस. त्यांनी कागदावर चेहरा काढून दाखवला. कानापुढे छेद घेऊन लोंबती कातडी वर ओढता येईल, जादाची कापून टाकता येईल. कानाच्या पाळ्या लहान करता येतील. डोक्याच्या केसांची पट्टी लावून भुवया करता येतील. हातांची गेलेली जाणीव मात्र परत येणार नाही, वाकडी बोटं या ऑपरेशननं सरळ होणार नाहीत.

"हातांचं राहू द्या," बाबा म्हणाले. "मला मुलीचं कन्यादान करायचंय डॉक्टरसाहेब. मी पाटावर बसलो की मांडवातून कुणी उठून जाऊ नये. तेवढं करा."

"चेहरा चांगला करून देतो," सर्जन म्हणाले. 

मी त्यांना तिथं ठेवून परत आले. तीन महिन्यांनी दारावर थाप पडली. दारात एक अनोळखी गृहस्थ उभे होते. मी विचारलं, "कोण हवंय?" देवाशपथ, मी माझ्या बापाला विचारलं, कोण हवंय! ते इतके हसले की खालीच बसले. दहा वर्षांनी लहान झाले होते. कान पुढे करून मला दाखवत होते, "टाके बघ गं. चुणी कुठं घेतलीय, सापडते का? मी इतकी वर्षं मशिनवर बसलो, पण असं फिनिशिंग मला नाही जमलं." भुवया डोक्याच्या केसांच्या, म्हणून त्या डोक्यासारख्याच वाढायच्या. दर पंधरा दिवसांनी कात्रीनं कापाव्या लागत आणि ते काम माझ्याकडे आलं. बाबा डोळे मिटून माझ्यासमोर बसायचे. असं सुख त्या घरात फार दिवसांनी आलं होतं.

पण ते नव्हते त्या तीन महिन्यांत मोठ्या काकांनी माझं लग्न ठरवून टाकलं होतं. मालेगावकडची माणसं, मुलगा शाळेत मास्तर. मुलीला वडील नाहीत, असं काकांनी त्यांना सांगितलं होतं. साखरपुड्याला आई कुंकू पुसून, मंगळसूत्र काढून बसली होती. मला हे सगळं माहीत होतं. मला बाविसावं लागलं होतं, अंबडच्या कारखान्यात मी टायपिस्ट होते, कुक्कुलं बाळ नव्हते. तरी मी मान खाली घालून पेढा खाल्ला.

बाबांना हे सांगायचं कुणी? काकांनीच सांगितलं, आणि वर म्हणाले, "आता मालेगावच्यांना काय सांगू? मेलेला उठून आला? झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरीचं होतंय ते होऊ दे."

आईचा आवाज मी जन्मात पहिल्यांदा चढलेला ऐकला. "हे जिवंत समोर उभे असताना मी लग्नघरात मोकळ्या कपाळानं फिरू?"

बाबा खिडकीशी गेले. मग वळले ते चक्क तोडगा घेऊनच. "हिला भाऊ नाही," ते आईकडे बोट करून म्हणाले. "आणि अंतरपाटाशी मुलीच्या पाठीशी मामा लागतोच. मी मामा म्हणून उभा राहतो. मला ओळखणार कोण? पोटच्या पोरीनं ओळखलं नाही!"

"नवऱ्याला भाऊ म्हणू? जीभ झडेल माझी," आई म्हणाली.

"म्हणू नकोस. नुसती गप्प राहा."

मी रडले. मी म्हणाले, मी मालेगावला पत्र टाकते, खरं काय ते लिहिते. बाबा म्हणाले, "वेडी आहेस का?" एवढंच, एकदाच म्हणाले, आणि मी लगेच ऐकलं. खरं लिहायचं तर मला सुटल्यासारखं झालं. या गोष्टीची लाज मला आजही वाटते.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या भुवया कापून दिल्या. मागून आणलेला कोट त्यांना छान बसला होता. वाकड्या बोटांचा डावा हात खिशात ठेवायचा, एवढी एकच आठवण मी त्यांना दोनदा करून दिली. आई आतल्या खोलीतून बाहेर आलीच नाही. मालेगावच्या बायकांना ते पटलंही. बिचारी, नवरा नाही, म्हणाल्या. बाबांनी मला हाताला धरून मांडवात नेलं तेव्हा सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "मामा किती तरतरीत आहेत हो मुलीचे!" बाबांनी उजवा हात छातीशी नेऊन वाकून नमस्कार केला. मंगलाष्टकं संपेपर्यंत ते माझ्या पाठीशी उभे होते. मला दिसत नव्हते, पण त्यांचा श्वास ऐकू येत होता.

अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली. कन्यादानाची मांडामांड झाली. मुलीला वडील नाहीत, कन्यादान काका करणार, हे सगळ्यांना पढवून ठेवलं होतं, फक्त गुरुजींना सांगायचं राहिलं. त्यांनी पळी-पंचपात्र पुढे घेतलं आणि सवयीनं हाक मारली, "चला, मुलीचे वडील कोण? पुढे या."

आणि बाबा पुढे आले.

ठरवून आले नाहीत, मी शपथेवर सांगते. हाक आली आणि पाय निघाले. माझ्या बाजूनं येऊन, खिशातला हात बाहेर काढून, ते पाटावर बसायला वाकलेसुद्धा. सासरे त्या हाताकडे बघायला लागले. मोठे काका माझ्याकडे.  क्षणभर जरी मी गप्प राहिले असते ना, तरी ते बसले असते. पुढे जे झालं असतं ते झालं असतं. लग्न मोडलंही असतं. पण ज्यासाठी त्यांनी तोंडावर सुरी फिरवून घेतली होती, त्या पाटावर ते बसले असते.

मी म्हणाले, "मामा, तुम्ही नाही. काका बसणार आहेत."

ते वाकलेले तसेच थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, "हो गं बाई, चुकलंच माझं." हात परत खिशात घातला आणि मागे जाऊन उभे राहिले. त्यांना मामा म्हणायला आईनं नकार दिला होता, काकांनीही त्या दिवशी तो शब्द एकदाही उच्चारला नव्हता. म्हणाले ती मीच.